‘मुलांना दाखवण्यासारखा आहे ना?’

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ १९८२ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याला ‘पीजी’ प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे मुलांना खुशाल न्या, फक्त जरा लक्ष असू द्या. स्वीडनमध्ये मात्र त्याच सिनेमाला अकरा वर्षांची अट लागली. तिथल्या सेन्सॉर मंडळाचा आक्षेप असा की यातली मोठी माणसं मुलांच्या विरोधात उभी असलेली दिसतात. चुकून पृथ्वीवर राहून गेलेला एक परग्रहवासी, त्याला कपाटात लपवणारी तीन भावंडं आणि त्याला घरी पाठवण्याची त्यांची धडपड, एवढ्या गोष्टीला अकरा वर्षांची अट! तिथली मुलं या निर्णयाविरुद्ध निदर्शनं करत असल्याच्या बातम्या तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांतही आल्या होत्या.

ही हकीकत ऐकून लोक हसतात. निर्णय मलाही पटत नाही. पण त्या मंडळाने विचारलेला प्रश्न आपल्याकडच्या नेहमीच्या प्रश्नापेक्षा पुष्कळ शहाणा होता. समोर बसलेल्या मुलाला हे बघताना काय वाटेल, याचा विचार ते करत होते. आपण काय विचारतो? ‘त्यात तसलं काही नाही ना?’

आपल्या मध्यमवर्गीय घरांत तसलं म्हणजे चुंबन, उघडं अंग, शिव्या, फार तर दारू. पडद्यावर दोन चेहरे जवळ यायला लागले की बाबा रिमोट शोधतात, आईला अचानक कुकरच्या शिट्ट्या आठवतात. त्याच सिनेमात पुढे अर्धं शहर कोसळतं, हजारो माणसं चिरडली जातात, तेव्हा सगळे शेंगदाणे खात शांतपणे बघत असतात. सहा वर्षांच्या पोराला चुंबनाचं काहीही पडलेलं नसतं. ‘ई’ म्हणून ते मोकळं होतं. कोसळणाऱ्या इमारतीत आपली आई असती तर, हा प्रश्न मात्र ते रात्री अंथरुणात घेऊन जातं. आपण तपासतो ते आपल्याला अवघडून टाकणारं, मुलाला झोपू न देणारं आपल्या तपासणीत येतच नाही.

विज्ञानपटांच्या बाबतीत तर ही तपासणी आणखी ढिली पडते, कारण नावात विज्ञान आहे. ‘सायन्स आहे ना, मग बघू दे, काहीतरी शिकेल.’ यामागे आपला इतिहासही आहे. मराठी वाचकाला विज्ञानकथा भेटली तीच मुळी मास्तरांच्या ओळखीने. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या विज्ञानकथा वाचत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्यामुळे या प्रकाराबद्दल मनात एक आदर बसला आहे, आणि तो रास्तही आहे. पण त्या कथा आणि सुट्टीतला मोठ्या बजेटचा कौटुंबिक विज्ञानपट यांचं नातं फार लांबचं. अशा सिनेमातून मुलाला प्रकाशाचा वेग कळेल ही आशा सोडलेलीच बरी. कळलाच तर बहुधा चुकीचा कळेल, आणि त्याने फारसं बिघडतही नाही.

या सिनेमांचं यान, यंत्रमानव, दुसरी दुनिया वगैरे सगळं वरचं असतं. आत बहुतेक वेळा गोष्ट असते ती घरातून हरवलेल्या कुणाची तरी. बाप गेलेला असतो, आई कामात बुडालेली असते, एकटं पडलेलं मूल एखाद्या यंत्राशी किंवा परक्या जिवाशी मैत्री करतं आणि शेवटी तो मित्रही निघून जातो. ‘ई. टी.’ घ्या. बाप घर सोडून दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला गेला आहे, हे जेवणाच्या टेबलावर एका वाक्यात कळतं आणि आईचा चेहरा पडतो. कॅमेरा बराच वेळ मुलाच्या उंचीवरून बघत राहतो. आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे सुरुवातीला दिसत नाहीत, दिसतो तो एकाच्या कमरेला खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा. मग तो जीव आजारी पडतो, ओढ्याकाठी पांढराफटक होऊन पडलेला सापडतो. आणि त्यानंतर अंतराळवीरासारखे पोशाख घातलेली माणसं दारा-खिडक्यांतून घरात घुसतात. आई किंचाळते. अख्ख्या घराला प्लास्टिक गुंडाळलं जातं, स्वतःच्याच घरात मुलगा नळ्या लावून टेबलावर पडलेला असतो आणि शेजारी त्याचा मित्र मरत असतो.

आता यात हिंसा किती? जवळपास नाहीच. तसलं काही? काहीच नाही. तरी ज्या मुलाने नुकतंच आजोबांना आयसीयूत नेताना बघितलं आहे, त्याला हा प्रसंग किती जड जाईल याचा अंदाज बांधायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. याच्या उलट, डायनासोर माणसाला गिळताना बघून खदखदून हसणारी पाच वर्षांची मुलंही मी बघितली आहेत. सिनेमा तोच असतो, मूल वेगळं असतं.

मूल कशाला घाबरतं, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. ‘इन्क्रेडिबल हल्क’ ही दूरचित्रवाणी मालिका त्यांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांना दाखवली. साधासुधा माणूस संकटात सापडला की त्याचं हिरव्या राक्षसासारख्या धिप्पाड जिवात रूपांतर होतं आणि मग तो सगळ्यांना वाचवतो. प्राथमिक शाळेतल्या मोठ्या मुलांना भीती वाटली ती नायक संकटात असताना. तो हिरवा झाला की त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण आता सुटका होणार हे त्यांना माहीत होतं. बालवाडीतली पोरं बरोबर उलट. ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत फुगला, हिरवा झाला, कपडे फाटले, तिथे त्यांची गाळण उडाली. तो चांगला आहे, वाचवायला आला आहे, या माहितीचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. या वयात जे दिसतं तेच खरं. ‘अगं, तो चांगला राक्षस आहे’ असं चार वर्षांच्या मुलीला समजावणाऱ्या आईला यश का येत नाही, याचं उत्तर इथे आहे.

दुसरं उदाहरण आईबापांच्याच वर्मावर बोट ठेवणारं आहे. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट दाखवला गेला. कॅन्सस भागावर अणुबॉम्ब पडल्यावर काय होतं, त्याची ती काल्पनिक गोष्ट होती आणि सुमारे दहा कोटी लोकांनी ती पाहिली. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका, असे इशारे आधीपासून दिले जात होते. कँटर यांच्या गटाने प्रक्षेपणानंतर पालकांशी बोलून माहिती गोळा केली. बारा वर्षांखालची मुलं सर्वांत कमी अस्वस्थ झाली होती, त्यांच्याहून कुमारवयीन मुलं जास्त, आणि सगळ्यांत जास्त हादरले होते खुद्द पालक. अणुयुद्ध म्हणजे काय हे कळण्याइतकं जग पाहिलेल्यालाच त्याची भीती वाटणार, हे उघडच आहे.

म्हणजे पालकांचा अंदाज चुकतो तो कसाही, कुठेही चुकत नाही. तो ठरावीक दिशेनेच चुकतो. जग नष्ट होणं, यंत्रांनी माणसावर राज्य करणं, पृथ्वी ओस पडणं या कल्पनांनी आपण धास्तावतो आणि ‘मुलांसाठी फार गंभीर आहे हो’ म्हणून तो सिनेमा बाजूला ठेवतो. आणि ज्यात एक गोड यंत्रमानव दुसऱ्या गोड यंत्रमानवापासून तुटतो, त्याची आठवण पुसली जाते, तो ओळख दाखवत नाही, असा सिनेमा ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून निश्चिंत मनाने लावून आपण स्वयंपाकघरात निघून जातो.

याला उत्तर म्हणून सरकारने आपल्याला एक आकडा दिला आहे. आपल्याकडे बरीच वर्षं ‘यू’ आणि ‘ए’ हेच दोन मुख्य कप्पे होते, १९८३ साली मध्ये ‘यूए’ आला. त्यानंतर चार दशकं ‘यूए’ने सगळं सामावून घेतलं. विनोदी सिनेमा यूए, भुताचा सिनेमा यूए, युद्धाचा सिनेमा यूए. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि यूएचे तीन भाग पडले: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे सल्ल्यादाखल आहेत. तेरा वर्षांखालच्या मुलाला ‘यूए १३+’ला न्यायचं की नाही, हे आईबापांनी ठरवायचं. अमेरिकेने हेच १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ आणून केलं. तिथेही निमित्त झालं ते कौटुंबिक म्हणून पोरांना घेऊन गेलेल्या पालकांच्या तक्रारींचं, आणि ज्या दोन सिनेमांवरून ओरड झाली त्या दोन्हींशी स्पीलबर्गचा संबंध होता, एकाचा दिग्दर्शक म्हणून आणि दुसऱ्याचा निर्माता म्हणून. मधला वर्ग आणा ही सूचनाही त्याचीच.

तीन भाग पडले हे चांगलंच झालं. पण आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तिकीट काढताना मोबाइलवर ‘यूए १३+’ एवढंच दिसतं. का १३+? शिवीसाठी, रक्तासाठी, की मुलाच्या डोळ्यांदेखत आई मरते म्हणून? पहिल्या कारणाकडे मी कानाडोळा करीन, दुसऱ्यासाठी विचार करीन आणि तिसऱ्यासाठी माझ्या घरातल्या एका विशिष्ट मुलाला नेणार नाही, दुसऱ्याला नेईन. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत वयाच्या वर्गाबरोबर मजकुराचं स्वरूप सांगणंही बंधनकारक आहे, त्यामुळे घरी पडद्याच्या कोपऱ्यात निदान ‘हिंसा, भाषा’ असं काहीतरी उमटतं. ब्रिटनमधलं मंडळ प्रत्येक सिनेमाबद्दल काय आणि किती आहे ते दोन-चार ओळींत लिहितं. आपल्या परिनिरीक्षण मंडळाचे सदस्यही सिनेमा पूर्ण बघूनच वर्ग ठरवतात. म्हणजे कारण त्यांच्याकडे असतंच. ते पोस्टरवर आणि तिकीट-खिडकीवर मराठीत, हिंदीत, स्थानिक भाषेत छापायला काय हरकत आहे? आणि ‘हिंसा’ या एका शब्दाने भागणार नाही. आईबापांपासून ताटातूट, लाडक्या पात्राचा मृत्यू, शरीराचं भीतीदायक रूपांतर, कर्णकर्कश आवाज, हेही लिहायला हवं. कथा फुटेल, असा निर्मात्यांचा आक्षेप येईल. सात वर्षांच्या मुलाच्या आईला कथा फुटल्याचं दुःख होत नाही.

‘आमच्या लहानपणी कोण बघत होतं प्रमाणपत्र? आम्ही सगळं बघितलं, काय वाईट झालं आमचं?’ हा युक्तिवाद प्रत्येक कुटुंबात एक काका तरी करतोच. १९९९ साली हॅरिसन आणि कँटर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावरच्या कशाने घाबरलात, असं विचारलं तेव्हा सुमारे नव्वद टक्के मुलांना असा अनुभव आठवला, आणि त्यातल्या काहींची ती भीती अजून पुरती गेली नव्हती. काकांनाही खोदून विचारा. ‘तेवढं एक सोडून’ असं काहीतरी निघेलच. मात्र म्हणून काकांचं म्हणणं सगळंच उडवून लावू नये. मुलाला कधीच भीती वाटू द्यायची नाही, असं ठरवलं तर दाखवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

इथे पुन्हा स्पीलबर्गकडे यावं लागतं. ‘ई. टी.’च्या विसाव्या वर्षी, २००२ मध्ये, त्याने सिनेमाची नवी आवृत्ती काढली. मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका संगणकाने पुसून तिथे वॉकी-टॉकी दिल्या. मुलांच्या अंगावर बंदुका रोखलेल्या त्याला आता नको वाटत होत्या. बाप म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण बघणाऱ्याच्या दृष्टीने घोटाळा झाला. वॉकी-टॉकी घेतलेल्या माणसांपासून सायकलवरून जीव तोडून पळायचं कशाला? सायकली आकाशात उडतात तेव्हा घशात जे दाटून येतं ते आधीच्या धोक्यामुळे. ते बदल करायला नको होते, असं २०२३ मध्ये त्यानेच जाहीरपणे सांगितलं. मुलांना झेपेल एवढी भीती सिनेमात असावीच, आणि ती किती झेपेल हे मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

आता एका बिनधोक सिनेमाबद्दल. ‘कोई... मिल गया’ २००३ मध्ये आला आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांचा तो पहिला परग्रहवासी. निळा, गोड जादू. आजही सुट्टीत लागला की पालक निर्धास्त असतात. इतर सामाजिक विषयांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नायक रोहित वाढला आहे, पण बुद्धीने मूलच राहिला आहे. गावातली दांडगी पोरं त्याला छळतात, चिमुकल्या मित्रांची टोळी मात्र त्याच्यावर जीव टाकते. ही टोळी हा त्या सिनेमाचा खरा सुंदर भाग आहे. मग जादू त्याला शक्ती देतो. रोहितला गणितं येतात, बास्केटबॉल येतो, त्याचं शरीर भरतं, चष्म्याची गरज उरत नाही, आणि त्यानंतरच जग त्याच्याकडे माणूस म्हणून बघायला लागतं. शेवटी जादू निघून जातो तेव्हा शक्तीही जाते आणि क्षणभर वाटतं की आता सिनेमा म्हणेल, रोहित आहे तसा पुरे आहे. पण नाही. शक्ती परत येते, कायमची. ज्या मुलाच्या वर्गात रोहितसारखा एखादा मित्र आहे, किंवा ज्या घरात तसं मूल आहे, त्यांनी यातून काय घ्यायचं?

यात कापण्यासारखं काही नाही, आकडा लावण्यासारखंही नाही. दाखवू नका असंही मी म्हणणार नाही, मला तो सिनेमा आवडतो. पण शोभतो की नाही याची चर्चा आपण भीती आणि तसलं यांपाशीच संपवतो आणि ज्यावर घरात बोलायला हवं ते ‘गोड आहे’ म्हणून निसटून जातं. बोलायचं म्हणजे परतीच्या रिक्षात प्रश्नोत्तरं घ्यायची असंही नव्हे. सिनेमा बघून आलेल्या मुलाला तात्पर्य विचारणं हा आपल्याकडचा एक पिढीजात अत्याचार आहे. दोन दिवसांनी जेवताना ‘शक्ती परत आली नसती तर रोहितच्या मित्रांनी काय केलं असतं रे?’ एवढं विचारलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट मराठी घरांपुरती. हॉलिवूडचे हे सिनेमे आपल्याकडे इंग्रजीत आणि हिंदीत येतात, तमिळ-तेलुगूतही येतात. मराठीत क्वचित. पुण्या-मुंबईतल्या मुलाचं हिंदीवर भागतं, पण सांगली-लातूरकडच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं अर्धंअधिक बोलणं कळत नाही. बोलणं कळलं नाही की उरतं चित्र आणि आवाज, आणि लहान मुलाला घाबरवतात ती हीच दोन. ‘घाबरू नको, मी परत येईन’ असं आई म्हणून गेली आहे, हे कळलंच नाही तर आई गेली एवढंच दिसतं. वयाचा आकडा ठरवणाऱ्यांच्या हिशेबात हे नसतं. पालकांच्या असायला हवं, आणि कुजबुजत भाषांतर करणाऱ्या आईकडे वळून बघणाऱ्या पुढच्या रांगेनेही जरा दमानं घ्यावं.

थिएटरात मुलाला भीती वाटलीच, तर काय करायचं यावरही कँटर यांच्या संशोधनात उपयोगी सापडतं. मोठ्या मुलाला समजावून सांगितलेलं चालतं: हे कसं केलं, आत माणूस आहे, असं घडण्याची शक्यता किती कमी आहे. अगदी लहानाला मात्र मांडी लागते, हात लागतो, खायला काहीतरी लागतं. ‘खोटं आहे ते’ हे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चार वर्षांची मुलगी कधी डोळे मिटते, कधी कानांवर हात ठेवते. तिला कशाची भीती वाटते आहे ते तिथे कळतं. थिएटरचा आवाज कमी करता येत नाही, थांबवून दिवा लावता येत नाही, म्हणून घरी चालणारा सिनेमा तिथे चालेलच असं नाही.

आणि अशा वेळी उठून बाहेर पडावं. इथे बहुतेक आईबाप कच खातात. चार तिकिटं, वर पॉपकॉर्न, पार्किंग, सगळा मिळून हजार-दीड हजाराचा चुराडा झालेला असतो. मूल बाहीला ओढत ‘घरी जाऊ या’ म्हणत असतं आणि बाबा पडद्यावरची नजर न काढता ‘आता संपेलच’ म्हणत असतात. पैसे मध्यंतरात उठलात तरी गेलेत आणि शेवटपर्यंत बसलात तरी गेलेत. मोठ्या भावाला सिनेमा बघायचा असेल तर एकाने धाकटीला घेऊन बाहेर लॉबीत बसावं. उरलेला सिनेमा दोन-तीन वर्षांनी घरी बघता येतो, तोवर तिला तो कदाचित बाळबोधही वाटेल.